तालुक्याच्या गावातली सर्व्हर खोली: आधी दिवे, मग हवा, शेवटी एसी

यवतमाळ जिल्ह्याच्या कापूस पट्ट्यात एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेची सर्व्हर खोली आहे. वीस फूट बाय बारा फूट, पहिला मजला, वर उघडी गच्ची, पश्चिमेला काचेची मोठी खिडकी. आत शेजारी-शेजारी तीन रॅक (सर्व्हर बसवायचे लोखंडी सांगाडे), वीज गेली तरी यंत्रं चालू ठेवणारा २० केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस, त्याच्या बॅटऱ्या, दोन-दोन टनांचे तीन स्प्लिट एसी आणि छताला चोकवाल्या आठ ट्यूबलाइट. डेटा सेंटर म्हटलं की नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात, पण वीज कुठे आणि का खर्च होते याचं गणित दोन्हीकडे एकच. तिथे ते गणित बघायला माणसं नेमलेली असतात, इथे बिल हातात पडलं की खोलीची आठवण होते. संस्थेचं म्हणणं सरळ होतं: बिल खाली आणा, पण काउंटर एक मिनिटही बंद राहता कामा नये.

अशा ठिकाणी बहुतेक जण पहिल्यांदा नवा एसी घेतात. आम्ही एसी मुद्दाम शेवटी ठेवला. खोलीत जळणारा प्रत्येक वॅट, मग तो सर्व्हरचा असो, यूपीएसचा असो की ट्यूबचा, शेवटी उष्णताच होतो आणि ती एसीला बाहेर फेकावी लागते. आधी एसी घेतला तर तो जुन्या फुगलेल्या भाराच्या मापाने घेतला जातो. पुढे भार कमी केला की तोच एसी मोठा पडतो, वारंवार चालू-बंद होतो आणि वाचवलेली वीज परत खातो. यूपीएसचंही तसंच.

मोजणीपासून सुरुवात. नुसत्या क्लॅम्प मीटरवर विसंबू नये. तो अँपिअर दाखवतो, त्याला व्होल्टेजने गुणलं की व्हीए (व्होल्ट-अँपिअर) मिळतात, खरा खर्च सांगणारे वॅट मिळत नाहीत. जुन्या सर्व्हरच्या आणि स्वस्त स्विचच्या पॉवर सप्लायचा पॉवर फॅक्टर, म्हणजे वॅट भागिले व्हीए, ०.६ च्या घरातही असतो, तेव्हा नुसता गुणाकार केला तर आकडा दीडपटीहून जास्त येतो. म्हणून पॅनेलमध्ये चार डीन-रेल एनर्जी मीटर बसवले: एक यूपीएसच्या इनपुटला, एक आउटपुटला, एक तिन्ही एसींना मिळून आणि एक दिव्यांच्या सर्किटला. बसवताना लाइन-लोड उलटसुलट होऊ देऊ नका आणि प्रत्येक मीटरचा न्यूट्रल त्याच सर्किटचा घ्या. दोन सर्किटांचा न्यूट्रल एकत्र झाला असेल, आणि जुन्या वायरिंगमध्ये तो हमखास झालेला असतो, तर काही मीटर चुकीचं रीडिंग देतात आणि पुढे आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावला तर तो टिकत नाही.

मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा फार कामाचा. मीटरवर ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ लिहिलं असेल तर एक लुकलुक म्हणजे ०.३१२५ वॅट-तास, म्हणजे ११२५ ज्यूल. दोन लुकलुकींमधलं अंतर अर्धा सेकंद असेल तर त्या क्षणी भार २२५० वॅट. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वीस लुकलुकींचा वेळ घेऊन सरासरी काढली की एखादं यंत्र बंद केल्यावर नेमका किती फरक पडला ते जागच्या जागी कळतं.

पूर्ण आठवडाभराची सरासरी अशी निघाली: सर्व्हर, स्विच, स्टोरेज मिळून यूपीएसच्या आउटपुटला ३.० किलोवॅट. यूपीएसच्या इनपुटला ३.७५, म्हणजे पाऊण किलोवॅट यूपीएसच्याच पोटात. एसी २.७. दिवे ०.३८. सगळं मिळून ६.८३ किलोवॅट, दिवसाला जवळपास १६४ युनिट. एकूण विजेला यंत्रांच्या विजेने भागलं की पीयूई मिळतो; तो एकाच्या जितका जवळ तितका बरा. ग्रीन ग्रिड या उद्योगसंघटनेने २००७ मध्ये हे माप पुढे आणलं, २०१६ मध्ये त्याचं आयएसओ मानकही झालं. या खोलीचा पीयूई आला २.२८. गूगलसारख्यांचा १.१ च्या आसपास असतो आणि जगभरच्या पाहण्यांमधली सरासरी गेली काही वर्षं दीड-पावणेदोनच्या दरम्यान आहे.

आता दिवे. मोठ्या डेटा सेंटरमध्ये दिव्यांचा वाटा एकूण विजेच्या एक ते तीन टक्के धरतात, म्हणून त्याकडे कोणी फारसं बघत नाही. इथे तो साडेपाच टक्के निघाला. कारण दिवे चोवीस तास चालू. ३६ वॅटची ट्यूब आणि लोखंडी चोकचे बारा वॅट, असे ४८ वॅट गुणिले आठ म्हणजे ३८४ वॅट, दिवसाला ९.२ युनिट, वर्षाला ३,३६४. शिवाय ही उष्णता उपसायला एसीला लागणारी वीज वेगळी. या खोलीतले एसी एक युनिट खर्चून जेमतेम २.२ युनिट उष्णता बाहेर टाकत होते, म्हणजे दिव्यांपायी आणखी दीड हजार युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर फक्त उजेडाचे वर्षाला साठ हजारांच्या आत-बाहेर.

दिवे बंद का करत नाहीत, याचं उत्तर चौकीदाराकडे होतं. “अंधार असला का मशिना बंद पडल्यासारख्या वाटते, भाऊ. अन् कॅमेऱ्यात बी काई दिसत नाई.” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. काचेच्या दारातून दिसणारा उजेड हीच त्याच्यासाठी खोली चालू असल्याची खूण होती. म्हणून दिवे काढण्याआधी दोन गोष्टी केल्या. कॅमेरा इन्फ्रारेडचा लावला, त्याला अंधारात दिसतं. दाराबाहेर चौकीदाराच्या उंचीवर दोन बारके इंडिकेटर बसवले: हिरवा यूपीएसच्या आउटपुटवरून, लाल तापमानाच्या रिलेवरून. हिरवा विझला किंवा लाल लागला तर फोन करायचा, एवढंच काम. हे न करता नुसता सेन्सर लावला तर लोक त्याला बायपास करतात. सेन्सरला समांतर एक साधा स्विच जोडून टाकतात आणि दिवे पुन्हा चोवीस तास सुरू.

जुन्या दिव्यांची दुसरी गोम लक्समीटरने दाखवली; जागेवर पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात. आठपैकी चार ट्यूब बरोबर रॅकच्या डोक्यावर होत्या. रॅकच्या टपावरची धूळ लख्ख दिसायची, पण समोरच्या बाजूला, जिथे केबलचं लेबल वाचायचं असतं, तिथे खालच्या सर्व्हरपाशी ६० लक्स. डेटा सेंटरसाठीचं टीआयए-९४२ मानक जमिनीपासून एक मीटर उंचीवर, रॅकमधल्या वाटेच्या मध्यभागी आडव्या पातळीत ५०० आणि उभ्या पातळीत २०० लक्स मागतं. त्यातला उभा आकडा महत्त्वाचा, कारण रॅकचा दर्शनी भाग उभा असतो. टेबलासाठीचं लक्सचं गणित इथे लावून चालत नाही.

आठ काढून सहा एलईडी बॅटन लावले, २० वॅटचे, प्रत्येकी २,००० ल्युमेनचे (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप). रॅकच्या पुढच्या वाटेवर तीन, मागच्या वाटेवर तीन, रॅकच्या रांगेला समांतर आणि वाटेच्या मधोमध. ढोबळ गणित असं: सहा गुणिले २,००० म्हणजे १२,००० ल्युमेन; त्यातला निम्माच कामाच्या पातळीवर पोचतो आणि धूळ-वयोमानाने आणखी पाचवा हिस्सा जातो; उरलेले ४,८०० भागिले खोलीचे २२.३ चौरस मीटर, म्हणजे खोलीभर सरासरी २१५ लक्स. वाटेच्या मध्यभागी, दिव्याच्या खाली, त्याहून बरंच जास्त मिळतं. मानकातले ५०० तरीही भरत नाहीत आणि आम्ही ते भरायलाही गेलो नाही. या खोलीत माणूस दिवसाकाठी तासभर असतो, त्याला डोक्याचा टॉर्च देणं स्वस्त पडतं. भिंतींना मात्र पांढरा रंग दिला, त्याने खालच्या सर्व्हरपाशी बराच फरक पडला.

बॅटन घेताना तीन गोष्टी बघाव्यात. पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर. स्वस्त मालाचा ०.५ असतो. व्होल्टेजची मर्यादा १४० ते ३०० पर्यंत. रब्बीत हरभऱ्याला-गव्हाला पाणी सुरू झालं की दिवसा १८० च्या खाली उतरलेलं व्होल्टेज इकडे नवं नाही, तेव्हा जुनी चोकवाली ट्यूब नुसती फडफडत बसायची. आणि सर्जची, म्हणजे व्होल्टेजचा क्षणिक झटका सोसायची, क्षमता किमान अडीच, जमल्यास चार किलोव्होल्ट; मृगाच्या विजांत ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) आधी जातो, एलईडी क्वचितच.

सेन्सरवर सगळ्यात जास्त डोकं खाजवावं लागलं. टीआयए-९४२ मध्ये उजेडाच्या तीन पायऱ्या आहेत: खोलीत कोणी नसताना कॅमेऱ्यापुरता, कोणी आत आल्यावर वाटेपुरता, आणि काम चालू असताना पूर्ण. पहिली पायरी इन्फ्रारेड कॅमेऱ्यामुळे शून्यावर आली. उरलेल्या दोन पायऱ्यांसाठी पीआयआर सेन्सर घेतले. हा सेन्सर माणूस ओळखत नाही, अंगाच्या आणि मागच्या भिंतीच्या तापमानातला हलता फरक ओळखतो. रॅकच्या मागे हवा ३५-३६ अंशांची, आणि माणसाच्या कातडीचं तापमानही त्याच आसपास. त्यामुळे मागच्या वाटेत उभा माणूस सेन्सरला दिसतच नाही. पुढच्या बाजूला उलटा ताप: एसीचा झोत थेट सेन्सरवर पडला की तो विनाकारण दिवे लावतो. मायक्रोवेव्ह सेन्सर लावून पाहिला तर तो प्लायच्या पार्टिशनपलीकडे, काउंटरसमोर उभ्या ग्राहकांच्या हालचालीनेच चालू राहायचा.

शेवटी बसलेली रचना अशी. दाराला रीड स्विच, म्हणजे दार उघडलेलं ओळखणारा चुंबकी स्विच. दार उघडलं की पुढचे तीन दिवे लागतात. पुढच्या वाटेत पीआयआर, एसीच्या झोताबाहेर, दाराकडे पाठ करून. मागच्या वाटेच्या तोंडाशी हाताने दाबायचं बटण, त्याला तीस मिनिटांचा टायमर. हालचाल थांबल्यावर पुढचे दिवे विझायला वीस मिनिटांचा उशीर ठेवला. पाच मिनिटं ठेवली तर रॅकमध्ये डोकं घालून बसलेल्या माणसावर मध्येच अंधार पडतो, आणि हातात चालू वायर असताना तो धोका आहे. म्हणून आधी एक दिवा विझतो, मिनिटभराने बाकीचे. आणीबाणीचा बॅटरीवाला एक दिवा दारावर स्वतंत्र, त्याच्या सर्किटमध्ये सेन्सर नाही.

सेन्सरमध्ये एक बिघाड गुपचूप होतो, तो सांगून ठेवतो. एलईडी ड्रायव्हर चालू होताना एक मिलीसेकंदाहून कमी वेळ वीस-तीस अँपिअर ओढतो. सहा ड्रायव्हर एकदम लागले की सेन्सरमधल्या पाच अँपिअरच्या रिलेचे पॉइंट चिकटतात. मग दिवे विझतच नाहीत आणि उजेड असल्यामुळे तक्रारही कोणी करत नाही. त्यावर उपाय म्हणजे सेन्सरने फक्त कॉन्टॅक्टरची (मोठा प्रवाह पेलणारा विद्युतचुंबकी स्विच) कॉइल चालवायची, दिवे कॉन्टॅक्टरवर. एमसीबी सी-कर्व्हचा, म्हणजे क्षणिक जादा प्रवाहाला लगेच न पडणारा. आणि बंद केल्यावरही एलईडी मंद चमकत असेल तर बहुधा फेजऐवजी न्यूट्रल तोडला जातोय. आधी तो दुरुस्त करा, बॅटन बदलून काही होत नाही. दिवे आता दिवसाला सरासरी दीड तास लागतात: १२० वॅट गुणिले दीड तास, म्हणजे ०.१८ युनिट. नऊ युनिटांवरून इथे आलो.

यंत्रांचं काम दिव्यांहून सोपं, पण परवानग्यांचं. सात सर्व्हरपैकी दोन कशासाठी चालू आहेत हे कोणालाच सांगता येईना. एकावर जुन्या सॉफ्टवेअरची प्रत होती, दुसऱ्यावर काहीच नव्हतं. रिकामा बसलेला सर्व्हरही पूर्ण भाराच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत वीज खात राहतो. आधी त्यांची नेटवर्क केबल काढून महिनाअखेर आणि व्याजाचं काम पार पडू दिलं, मगच वीज काढली. हा क्रम उलटा करू नये. जुना सर्व्हर एकदा बंद केला की त्याची हार्ड डिस्क पुन्हा फिरेलच याची खात्री नसते. आणखी दोन जुने टॉवर सर्व्हर एका नव्या यंत्रावर आभासी करून, म्हणजे त्याच्या आत सॉफ्टवेअरच्या रूपात चालतील असे, हलवले. भार ३.० वरून २.१ किलोवॅटवर आला.

आणि इथे पीयूई चढला. २.२८ चा २.६ झाला. संस्थेच्या संचालकांना आकड्यांचा तक्ता दाखवला तेव्हा पहिला प्रश्न हाच आला. भागाकारात खालचा आकडा घटला, पण वरचे एसी, यूपीएस अजून जुन्याच मापाचे. दिवसाची युनिटं मात्र तीसहून अधिक कमी झालेली. पीयूई हे खोलीच्या सोयींचं माप आहे, आतली यंत्रं कामाची आहेत की रिकामी याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ज्याला बिल भरायचं आहे त्याने रोजची युनिटं आधी बघावीत.

हवेकडे वळलो तेव्हा खोलीचं खरं दुखणं दिसलं. तिन्ही एसी १८ अंशांवर, माणूस आत कुडकुडतोय, आणि सगळ्यात वरच्या सर्व्हरच्या तोंडाशी थर्मामीटर दाखवतो २९. एसीच्या रिमोटवरचा आकडा आणि सर्व्हर ओढतो त्या हवेचं तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या अॅशरे या संस्थेची शिफारस १८ ते २७ अंशांची आहे आणि ती सर्व्हरच्या तोंडाशी मोजायची असते. गरम हवा मागून निघून रॅकच्या टपावरून आणि रिकाम्या खणांमधून परत पुढे येत होती. सर्व्हर आपलीच सोडलेली हवा परत ओढत होते, आणि एसीची गार हवा कशाला न भिडता थेट परतीला लागत होती.

रिकाम्या प्रत्येक खणाला पत्र्याची झाकणपट्टी लावली. रॅकमधल्या एका खणाची उंची ‘एक यू’, म्हणजे पावणेदोन इंच, त्या मापात गावातला फॅब्रिकेटरही कापून देतो. थर्माकोल किंवा फ्लेक्स लावू नका, दोन्ही पेटतात. रॅकच्या दोन्ही बाजूंना आणि टपापासून स्लॅबपर्यंत शीतगृहाच्या दाराला लावतात तसा पारदर्शक पट्ट्यांचा पडदा टांगला. आग न धरणारा माल घेतला. केबल जिथून आत जातात ती भोकं ब्रशने बुजवली. एक स्विच उलटा बसवलेला होता, त्याचं हवा ओढायचं तोंड गरम बाजूला; तो फिरवला. एसीची आतली युनिटं हलवून झोत पुढच्या वाटेत पडेल अशी केली आणि त्यांच्याकडे गरम हवा परत जायला पडद्याच्या वरच्या भागात जागा सोडली. ही जागा सोडली नाही तर पडद्यामुळे मागची बाजू भट्टी होते. एक युनिट रॅकच्या बरोबर वर होतं, तेही काढलं. ड्रेन तुंबला की पाणी थेट सर्व्हरवर.

त्यानंतर एसी २४ वर ठेवूनही वरच्या सर्व्हरच्या तोंडाशी २४.५ आणि खालच्याला २३. विजेत बचत झालीच, शिवाय बॅटऱ्यांच्या कोपऱ्यातलं ३३ अंश उतरून २५ वर आलं. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी २५ अंशांसाठी बनवलेली असते. त्यावर दर दहा अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं असा ठोकताळा आहे. यूपीएस आणि बॅटऱ्या बाहेरच्या व्हरांड्यात काढून एसीचा भार कमी करायची सूचना आली होती. पुण्यात ती कदाचित चालेल. इथे मे महिन्यात सावलीत ४५ अंश होतात, तिथे बॅटऱ्या फार टिकल्या नसत्या.

खिडकी विटांनी बुजवून आतून इन्सुलेशन शीट लावली, गच्चीला पांढरा परावर्तक रंग दिला. गच्चीचा रंग दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, कारण फुफाट्याने तो तपकिरी होतो आणि मग त्याचा उपयोग उरत नाही.

उन्हाळ्यात कूलर लावा की, असं प्रत्येक जण सुचवतो, आणि कागदावर ते खोटं नाही. ४४ अंश आणि पंधरा टक्के आर्द्रतेला ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं तापमान २३ च्या आसपास येतं, चांगला कूलर त्या हवेला २७-२८ पर्यंत आणतो. मोठी डेटा सेंटरं याच तत्त्वावर पाणी खर्चून वीज वाचवतात. पण इथल्या बोअरच्या जड पाण्याचे क्षार, उघड्या हवेतली धूळ आणि जुलैत बंद पडणारी युक्ती, या तिन्हींमुळे तो नाद सोडला. मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या गावात तर तो विषयच काढू नये.

यूपीएसचं गणित सोपं आहे. २० केव्हीएचा म्हणजे १८ किलोवॅट, त्यावर ३ किलोवॅट भार, सहावा हिस्सा. ऑनलाइन यूपीएस आत येणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहाचा एकदिश (डीसी) आणि परत प्रत्यावर्ती प्रवाह करत राहतो. त्यातला ठरावीक तोटा भार असो-नसो होतच असतो, म्हणून कमी भारावर कार्यक्षमता घसरते. इथे ती ८० टक्के होती. त्याऐवजी ५ केव्हीएचे दोन घेतले. सर्व्हरला दोन-दोन पॉवर सप्लाय होतेच, एक एका यूपीएसवर, दुसरा दुसऱ्यावर. एक बंद पडला तर दुसरा पूर्ण २.१ किलोवॅट सहज पेलतो. ३ केव्हीएचे घेतले असते तर कार्यक्षमता आणखी बरी मिळाली असती, पण उरलेला एकटा यूपीएस ऐन भाराच्या वेळी काठावर चालला असता. तेवढ्या बचतीसाठी ती जोखीम घ्यावी असं वाटलं नाही. कार्यक्षमता ८८ टक्के, तोटा पाऊण किलोवॅटवरून ०.२९ वर. जोडताना काळजी एकच: दोन्ही पॉवर सप्लाय एकाच यूपीएसला लागलेले असण्याची शक्यता प्रत्येक सर्व्हरमागे हात लावून तपासा. एकेक यूपीएस मुद्दाम बंद करून पाहिल्याशिवाय काम झालं असं म्हणू नका.

आता एसी. उरलेली उष्णता: यंत्रं २.१, यूपीएस ०.२९, भिंती-छतातून सरासरी ०.७ आणि मेच्या दुपारी दुप्पट. म्हणजे सगळ्यात वाईट वेळी ३.८ किलोवॅट. एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट, तेव्हा दीड टन पुरेल असं वाटतं. इथे दोन वजावटी कराव्या लागतात. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून छापलेली असते. ४६ अंशांना ती दहा-पंधरा टक्के कमी होते. आणि घरगुती स्प्लिट आपल्या ताकदीचा एक हिस्सा हवेतलं पाणी काढण्यात घालवतो, पावसाळ्यात चौथा हिस्सा धरा. दीड टन म्हणजे ५.२, वजावटींनंतर ३.४. पुरत नाही. दोन टनांचा एक एसी ४.५ पर्यंत जातो. म्हणून दोन टनांचे दोन इन्व्हर्टर एसी, एका वेळी एक, बारा तासांनी पाळी बदलून. घेताना बाहेरच्या ४६ अंशांचं रेटिंग, ज्याला टी-३ म्हणतात, ते कॅटलॉगमध्ये शोधा. विक्रेता ५२ अंशांपर्यंत चालतो असं सांगेल, पण चालणं आणि पूर्ण गारवा देणं वेगळं. पाळी बदलायला कॉन्टॅक्टरने वीज तोडू नका, इन्व्हर्टरचं सर्किट त्याने जातं. रिमोटचा संकेत देणारा कंट्रोलर घ्या. वीज गेल्या-आल्यावर एसी आपणहून सुरू होतो का हेही दुकानातच पाहून घ्या. रात्री दोनला लाइट येते तेव्हा रिमोट दाबायला कोणी नसतं.

१८ अंशांवरून २४ वर यायला सगळ्यात मोठा विरोध याच मुद्द्यावर झाला: गार ठेवलं तर वीज जाऊन एसी बंद पडल्यावर खोली तापेपर्यंत वेळ मिळतो. गणित करून दाखवलं. खोलीत ६७ घनमीटर हवा, एक अंश चढायला साधारण ८० किलोज्यूल. २.४ किलोवॅट उष्णतेला ते पस्तीस सेकंदांचं काम. सहा अंशांचा जादा गारवा म्हणजे नुसत्या हवेच्या हिशेबाने साडेतीन मिनिटं. भिंती, रॅकचं लोखंड थोडी उष्णता पितात म्हणून प्रत्यक्षात जास्त मिळतं, पण हाताने सुरू करायच्या जनरेटरची भरवशाची सोय त्यातून होत नाही. जनरेटर आपणहून सुरू करून भार त्यावर घेणारा ऑटो चेंजओव्हर लावला, तो अर्ध्या मिनिटाच्या आत वीज देतो.

आता एसी सरासरी एक किलोवॅट घेतो. एकूण ३.४, दिवसाला ८२ युनिट, म्हणजे निम्मी. पीयूई १.६२.

राहिली देखभाल, आणि ती इथे ऋतूंप्रमाणे चालते. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की रुईचे तंतू हवेत तरंगतात आणि एसीच्या बाहेरच्या जाळीवर गोधडीसारखा थर धरतात. दाब वाढून एसी ट्रिप होतो आणि मेकॅनिक गॅस कमी असल्याचं सांगतो. आधी जाळी बघा. फेब्रुवारीपर्यंत दर पंधरवड्याला आतल्या बाजूने बाहेर पाणी मारायचं. बाहेरून मारलं तर तंतू पंखांत आणखी घट्ट बसतात, आणि जोर जास्त लावला तर ॲल्युमिनियमचे पंखच वाकतात. आतले फिल्टर आठवड्याला. तेच तंतू ड्रेनच्या नळीत गोळा होतात, म्हणून नळी महिन्याला फुंकून घ्यायची. मार्चमध्ये अर्थिंग मोजायची. काळी माती ओली असताना छान वाहते, पण उन्हाळ्यात भेगाळून पाइपपासून सुटते आणि पावसाळ्यात दोन ओहम दाखवणारी अर्थिंग मेमध्ये बरीच वर जाते. न्यूट्रल आणि अर्थमध्ये तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर खड्ड्यात पाणी घाला, बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरलेलं असेल तर त्याच्या कडेची भेग बुजवा. जूनआधी सर्ज अरेस्टरची खिडकी हिरवी आहे का पाहा, लाल झाली असेल तर काडतूस बदला. दिव्यांच्या मीटरचं रीडिंग महिन्याच्या पहिल्या तारखेला लिहून ठेवायचं: पाच-सहा युनिटांच्या वर गेलं असेल तर कॉन्टॅक्टर चिकटला आहे किंवा कोणीतरी सेन्सरला बायपास मारला आहे.